वरीची बिअर

"घ्या अप्पा, ही माझी नवी. वरीची आहे," असं म्हणत मृण्मयीने तांबूस, फेसाळ ग्लास वडिलांपुढे ठेवला. बँकेतली नोकरी सोडून लेकीने ही ब्रुअरी काढल्यापासून अप्पा आज पहिल्यांदाच आत आले होते, आणि आज नेमकी संकष्टी होती.

अप्पांनी विचार केला. वरी उपासाला चालते. दारूबद्दल शास्त्रात काय लिहिलंय ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि आजच पाहावं असं काही कारण नव्हतं. त्यांनी घोट घेतला. जुन्या इंग्रजी पद्धतीची, चांगली कडक. आधी गुळाच्या काकवीसारखी, मागाहून कडवट. ग्लास रिकामा झाला.

"निम्मी वरी," मृण्मयी हरखून सांगू लागली, "आणि निम्मे जव. नुसत्या वरीची काही जमत नाही."

"जव?" अप्पा ताडकन उठले. "चंद्रोदयाच्या आधी माझ्या पोटात जव? तुझ्या लग्नात मोडली नाही मी संकष्टी, टायफॉइडात मोडली नाही! पोटच्या पोरीनं बाटवलं!"

"अहो अप्पा, पण दारू..."

"दारूचं काय मध्येच काढतेस? मी धान्याचं बोलतोय!"

मृण्मयी मान खाली घालून ग्लास उचलू लागली. तणतणत दारापर्यंत गेलेले अप्पा तिथूनच वळले. राग तसूभरही उतरला नव्हता.

"पुढच्या संकष्टीला नुसत्या वरीची कर," ते गरजले. "मी येतो. बघतो कशी जमत नाही ती!"