बोटीच्या पोटावरचं स्वस्तिक

तिलवारा घाटावर आमची फायबरची बोट टायरांवर पालथी पडली होती. खडकावर घासून तिच्या पोटाला भेग गेली होती. ती बुजवून माझा धाकटा दीर, गौरांग, हात पुसत उभा होता. "झालं, वहिनी. उद्या नर्मदा जयंती, भाविकांच्या रांगा लागतील. चलो, नारळ फोडा." भेगेवर नुसती पुट्टी, पुट्टीवर निळा रंग, आणि नेमकं तिथेच ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. पूजेची खूण कोण खरवडणार, हा त्याचा हिशोब. मी अंगठ्याने दाबलं. स्वस्तिक आत गेलं आणि भेगेत मुरलेलं पाणी कडेने झिरपलं. "काहून रे, सुकूसुद्धा दिलं नाहीस? आधी घासायचं, उन्हात ठेवायचं, मग काचेचं कापड आणि रेझिन, थरावर थर. मागच्या खेपेला दोघांनी मिळूनच केलं होतं ना?" "त्यात आठवडा जाते, वहिनी. नर्मदा मैया बघून घेईल." माझं डोकं सणकलं. याची पुट्टी सांभाळायला मैया रिकामी बसली आहे जशी! "अच्छा," मी म्हणाले, "मग पहिल्या फेरीत आपल्या प्रणोतीला बसव." "तिला काहून?" स्वतःच्या पोरीचं नाव ऐकताच तो उसळला. "तिला पोहता कुठे येते!" बोलला, आणि माझ्याकडे बघायचंच टाळू लागला. मी डोळे मिटून मैयाची माफी मागितली आणि घासायचा ग्राइंडर चालू करून स्वस्तिकावर टेकवला.