पाठ टेकली तेव्हा

"परत पालथी झालीस! म्हणूनच मागून गळा आवळला जातो," जुजुत्सूचे सर चिडले.

वस्ताद वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, तालमीत वाढलेली मी. पाठ मातीला लागली की कुस्ती गेली, हे अंगात भिनलेलं. इथे मात्र उताणं पडूनच बचाव करायचा. त्यात आज आबा स्वतः दाराशी उभे.

जोडीदारणीने पुन्हा पाडलं. मी आबांकडे बघितलं नाही आणि पालथीही झाले नाही. ती उजवीकडून घुसली, तसा कंबर सरकवून गुडघा मध्ये घातला. डावीकडून आली, तिथेही गुडघा. शिट्टी झाली तरी तिला माझे पाय ओलांडता आले नव्हते.

आबा चपला काढून मॅटवर आले.

"पडलीस, पण हरली नाहीस की गं! मला दाखव बघू."

आणि उभ्या आयुष्यात ज्यांची पाठ कुणी लावली नव्हती, ते माझ्याशेजारी सावकाश उताणे झाले.