दुसरी उशी

नऊ वर्षांपूर्वी वहिनीने पत्रात विचारलं होतं, “भावजी, लग्न नाही केलंत, मग कोण आहे ती?” प्रुफं तपासणाऱ्या दिराने उत्तर अनेकदा लिहिलं, पण तपासायला घेतलं, की स्वतःच्याच शब्दांचा संशय यायचा. आज वहिनीच येऊन थडकली. तिने कपाट उघडलं, पडद्यामागे पाहिलं आणि ती पलंगापाशी थबकली. “दुसरी उशी कुणाची?” “पुस्तकाची. आडवं पडून वाचतो.” “मला कुक्कुलं बाळ समजता?” तिने उशी हुंगली, लांब केस शोधला, सापडला शाईचा डाग. ती मटकन खाली बसली. “म्हणजे खरंच कुणी नाही? मी मेली इतकी वर्षं समाधान मानत होते, चोरून का होईना, कुणीतरी आहे!” ती गेल्यावर त्याने लिहिलं, ‘वहिनी, मला एकट्यानेच राहायचं होतं. मी सुखात आहे,’ आणि पुन्हा न वाचता पाकीट टपालपेटीत टाकलं.