पालक आले नाहीत

"कुलूप व्हतं, बाई," मामा म्हणाला आणि चिठ्ठी जशीच्या तशी टेबलावर ठेवली.

सगीराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. शाळेच्या पर्यवेक्षिका म्हणून त्यांनी या एकाच पालकाला तिसऱ्यांदा बोलावणं धाडलं होतं. दर वेळी मामा सायकल मारत क्रांती चौकातून पुंडलिकनगरला जायचा आणि कुलूप बघून परत यायचा. बन्सी कडूबा तुपे, इयत्ता दहावी. पोरगं शाळेत, आई चार घरची भांडी घासायला, आणि कडूबा तुपे नावाचा बाप कुठं उलथला होता कुणास ठाऊक.

"शेजारी विचारलंत?"

"इचारलं. म्हणले, सकाळीच कामाला जातो. दिवस बुडाल्यावर येतो."

"जगात हा एकटाच कामाला जातो जणू! असला कसला हो बाप, मामा?"

"असंल काही अडचण, बाई," मामा पायाकडं बघत म्हणाला.

मामा हा ठेकेदारानं दिवाळीनंतर पाठवलेला माणूस. फाटक उघडायचं, घंटा द्यायची, पाणी भरायचं. शाळेत शिपायाला मामा म्हणतात, म्हणून तो मामा. त्याच्या आधीचाही मामाच होता.

बन्सीनं सायकल स्टँडवर संस्थेच्या सचिवांच्या पुतण्याला बडवलं होतं. ओठ फुटला, शर्टाची बटणं गेली. पाचवीपासून ज्याची एक तक्रार नाही, ते पोरगं असं का वागलं, हे काही केल्या कळेना. कारण विचारलं की मान खाली. 'चुकलं' म्हणेना, 'नाही चुकलं' असंही म्हणेना. बाईंनी आधी समजावलं, मग ओरडल्या, मग स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. लाडू खाल्ला. बोलला नाही.

बापानं येऊन सचिवांपुढं चार शब्द बोलावेत, पोराला वाचवावं, एवढीच बाईंची आशा होती. दहावीचे फॉर्म तोंडावर आले होते. आता शाळा सुटली तर वर्ष गेलंच. आणि अशी गेलेली पोरं पुन्हा वर्गात दिसत नाहीत, शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर दिसतात.

मुख्याध्यापक काकासाहेबांना मात्र काळजी अहवालाची. वर पाठवायच्या अहवालात बेशिस्तीच्या रकान्यात ते वर्षानुवर्षं 'निरंक' लिहीत आले होते. म्हणजे शाळेत काही घडतच नाही. मागच्या आठवड्यात, या मारामारीच्या आधी, त्याच पुतण्याच्या टोळीनं मामाच्या टोपीचा मैदानात फुटबॉल केला. मामा टोपीमागं धावतोय, पोरं खिदळतायत, सगळी शाळा खिडक्यांतून बघतेय. बाई तावातावानं सांगायला गेल्या, तर सर हसले. "टोपी काय वर कळवायची, बाई? चेष्टा ती पोरांची. मामाला म्हणावं, मनावर घेऊ नको. ठेकेदाराला दुसरा माणूस पाठवायला कितीसा वेळ लागतो?" बाईंनी तो निरोप थोडी साखर घालून मामाला दिला होता. त्यापलीकडं त्यांनीही काही केलं नव्हतं.

मामा अजून टेबलापाशीच उभा होता, तेवढ्यात सर स्वतःच बाईंच्या खोलीत आले. हातात टाइप केलेला कागद.

"हे बघा. आपण काढून टाकलं, तर वर कळवावं लागतं. बापानंच दाखला मागितला, तर प्रश्न मिटला."

बाईंनी वाचलं. बापाच्या वतीनं सगळं लिहून तयार होतं. घरगुती अडचणीमुळे मी माझ्या मुलास स्वखुशीने शाळेतून काढत आहे. शाळेबद्दल माझी काही तक्रार नाही. खाली सहीपुरती जागा मोकळी.

"सर, बापाला अजून विचारलंसुद्धा नाही!"

"बोलावून बोलावून थकलात ना तुम्ही? आला तो? ज्याला पोराची पर्वा नाही, त्याच्यासाठी मी सचिवांशी वाकडं घेऊ?"

 सरांवर चिडून उपयोग नव्हता, सचिवांवर चिडायची सोय नव्हती. राहता राहिला कडूबा तुपे. आठवडाभर साठलेलं सगळं त्याच्या नावावर बाहेर पडलं.

"घ्या मामा!" त्यांनी कागद मामाच्या हातात जवळजवळ कोंबला. "कुलूप असेल तर दारात बसून राहा. पण हा त्या बापाच्याच हातात पडला पाहिजे. आणि माझ्यातर्फे सांगा त्याला. म्हणावं, तुझ्या पोराला मागच्या दारानं बाहेर काढतायत, आणि तू..." त्यांनी टेबलावर हात आपटला. "म्हणावं, एकदा तरी पोराच्या पाठीशी येऊन उभा राहा की रे!"

मामा जागचा हलला नाही. कागद दोन्ही हातांत धरून, ओठ हलवत तो एकेक शब्द वाचायला लागला.

"वाचायला नाही दिला, मामा," सर म्हणाले. "पोचवायला दिलाय."

मामानं ऐकलं नाही. पार खालच्या मोकळ्या जागेपर्यंत वाचलं. मग कागद हळूच सरांच्या पुढ्यात ठेवला आणि पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडं बघितलं.

"पोचला, बाई, बापाच्या हातात," तो म्हणाला. "अन् सही करत नसतो मी."