सलग रेघ

स्नेहल लॅपटॉपवर इमारतींची डिझाइनं काढायची, जाड कागदावर छापायची आणि त्यातून कागदी घरं उभी करायचं काम आबांचं. नातीनं घालून दिलेला नियम त्यांना आता पाठ झाला होता. तुटक रेघ दुमडायची, सलग रेघ कापायची.

आज तिनं आणलेला तळमजल्याचा कागद बघून आबा हरखलेच. गंगापूर रोडवर त्यांनी हौसेनं बांधलेला बंगला! "अगं, हे तर आपलंच घर!"

कात्री उचलली आणि ते थबकले. हॉलच्या मधोमध एक रेघ आरपार गेली होती.

"पोरी, चुकलीस बघ. ही रेघ तुटक हवी."

"नाही आबा." स्नेहलनं मान वर केली नाही. "पप्पांनी आणि काकांनी वाटणी ठरवलीय. भिंत तिथंच येणार. सलगच आहे ती."

आबांनी कात्री खाली ठेवली. अंगठ्याच्या नखानं दाबत त्यांनी कागद त्याच रेघेवर दुमडला. दोन्ही पोरांच्या खोल्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

बांधतानाच त्यांनी त्या सारख्या मापाच्या ठेवल्या होत्या. पुढं भांडण नको म्हणून.