उवांचा नमुना

सीमानं आत्याच्या ओसरीवर स्पिरिटच्या दहा बाटल्या ओळीनं मांडल्या, चिमटा पुसला आणि समोर बसलेल्या बाईचा अंबाडा सोडला. केसांत एक ऊ नव्हती. लीखसुद्धा नाही. दुसरीच्या नाही, तिसरीच्याही नाही. सगळ्यांचे डोळे मात्र लालभडक.

"आत्या, मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"उवा तपासाया येती म्हणालीस." ताईबाईनं मान ताठ केली. "मंग? दोन दिस सीताफळाच्या बिया कुटल्या. साऱ्या आळीची डोकी चोळली. डोळ्यांत गेलं, पर एक ऊ ठिवली न्हाई. पुण्याच्या कागदावर निमोण्याचं नाव उवांचं गाव म्हणून लागाया नगं."

सीमानं कपाळाला हात लावला. सोमवारी पुण्याच्या प्रयोगशाळेत उवा पोचल्या नाहीत, तर हे संशोधनाचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि तिथं फुशारकी तिनंच मारली होती, "आमच्या गावात पोत्यानं मिळतील!" सगळे हसले होते. सगळ्यांत मोठ्यानं तीच. ते हसू आठवून आता तिचे कान तापले. समोरच्या लाल डोळ्यांकडे तिला बघवेना.

तरी तिनं पिशवीतून फोटो काढला. "हे बघा. परदेशात वाळवंटात सापडलेली बाई, हजार वर्षांपूर्वीची. अंग सुकलंय, वेणी तशीच आहे. तिच्या केसांतल्या उवांचा डीएनए काढलाय. माणसं कुठून कुठं गेली, ते त्यावरून कळतं. आजच्या उवा त्याच्याशी ताडून बघायच्यात. यात लाज कसली? शास्त्र आहे हे."

'लाज कसली' म्हणताना तिचाच आवाज चिरकला.

फोटो हातोहात फिरला. एकही बाई हसली नाही. शेवटी तो ताईबाईकडे आला.

"ह्यो कोण कोण बघतं गं?"

"जगभर बघतात, आत्या. इंटरनेटवर आहे."

ताईबाईनं त्या वेणीवरून अंगठा फिरवला. सीमा बाटल्या तशाच पिशवीत भरू लागली.

ताईबाईनं आपल्या पदराचं टोक फोटोतल्या बाईच्या डोक्यावर ओढलं.

"आमाला तुझा फोन तरी आला व्हता, सीमे," ती म्हणाली. "हिला बिचारीला कुणीच सांगितलं न्हाई."