गिटारचा कान

नवा पिकअप बसवला, त्याच्या तारांना तीनदा सोल्डरचा डाग दिला, तरी गिटार काही गप्प बसेना. स्पीकरमधून सारखं घूंऽऽ. तासाभरात माझ्या मुलीला तीच गिटार घेऊन स्टेजवर जायचं होतं आणि मला माझी चूक सापडत नव्हती.

नात टेबलाला हनुवटी टेकून बघत होती. "आबा, पिकअप म्हणजे काय?"

"गिटारचा कान. चुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार हलली, की ह्याला न शिवताच कळतं."

"माझ्या कानाच्या मशीनमध्येपण तारेचं वेटोळं आहे. शाळेत बाईंचा माइक त्यातूनच ऐकू येतो." तिने कानामागचं बटण दाबलं, गिटारवर वाकली आणि मान हलवली. "ही नाही ओरडत. तो ओरडतोय." मी जवळ ओढून घेतलेल्या दिव्याकडे तिचं बोट होतं.

मी दिवा बंद केला. घूंऽऽ थांबलं. तार छेडली, तर स्वच्छ सूर.

"दिव्याचा आवाज तुला ऐकू येतो?"

"या बटणावर येतो. भिंतीतल्या वायरीचापण येतो. जिन्यातल्या मीटरपाशी तर केवढा मोठा!"

चाळीस वर्षं गिटारी उघडतोय मी. मी हातातली पक्कड खाली ठेवली.

"मग आजवर बोलली का नाहीस?"

ती जरा ओशाळली. "मला वाटलं, ज्यांचे कान चांगले आहेत त्यांना तर ऐकू येतच असेल."